वारानें जेवणारे पाहुणे

मनुष्यानें कोणते प्राणी पाळावे याविषयीं आपल्या घरांतून कांहीं ठराविक समजुती असतात. गाय पाळावी, कारण ती दूध देते. कुत्रें पाळावें, कारण तें घर राखतें. मांजर आपण पाळीत नाहीं, तें स्वतःच येऊन आपणांस पाळतें. पोपट आणि मासे हे निव्वळ हौसेचे. परंतु कोणी बेडूक पाळले असें सांगितलें, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम हंसूं व मागून किळस उमटल्यावांचून राहत नाहीं. वास्तविक बेडकाचा आणि आपला संबंध फार जुना आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत एक संपूर्ण सूक्त बेडकांवर आहे, आणि त्यांत ऋषीनें त्यांना हिणविलेलें नाहीं. वर्षभर मौन धरून पर्जन्य येतांच घोष करणाऱ्या व्रतस्थ ब्राह्मणांची, तसेंच गुरूच्या मागून पाठ म्हणणाऱ्या शिष्यांची उपमा त्यांस दिली आहे. पुढें मात्र आपण त्या विद्यार्थ्यास विहिरींत लोटलें, त्याच्या नांवानें 'कूपमंडूक' ही शिवी केली, आणि अवर्षणाच्या सालीं धोंडी काढतांना मुसळास बांधण्यापुरताच त्याचा मान शिल्लक ठेवला.

२०२२ च्या पावसाळ्यांत महाड येथील आमच्या घरीं असे एकतीस विद्यार्थी कांहीं दिवस जेवावयास होते. त्यांना जेवूं घालतांना मला जें समजलें, तें माझ्या मतें प्रत्येक परसदार असलेल्या कुटुंबास समजण्यासारखें आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम परसाची हकीकत सांगितली पाहिजे. सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून आमच्या गांवास येते, आणि गांधारी तिला येथें मिळते. डोंगरावर पाऊस कोसळला कीं गांवांत पाणी, हें आम्हांस नवें नाहीं. परंतु २२ जुलै २०२१ च्या रात्रीं जो पूर आला त्याची गोष्टच निराळी. आमच्या माजघरांत छातीइतकें पाणी होतें, आणि तें ओसरल्यावर जो चिखल मागें राहिला तो काढण्यांत पंधरा दिवस गेले. त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये गांवीं दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्या दुःखापुढें आमच्या चिखलाची तक्रार करणें शोभण्यासारखें नव्हतें, आणि आम्हीं ती केलीही नाहीं. मात्र मामंजींनीं एक निश्चय केला. परसांतील पालापाचोळा, केळी, जुन्या लाकडांची रास, खताचा खड्डा हें सर्व काढून टाकून आमूलाग्र काँक्रीटची फरसबंदी करावयाची, म्हणजे पुन्हां चिखल आलाच तर पाण्याच्या एका फवाऱ्यानें अंगण स्वच्छ. पुरांत तडकलेला जुना दगडी हौद मुलांच्या अंगावर पडेल म्हणून तो आधीं पाडावयाचा, व फरसबंदी पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतर.

गवंडी येण्याचा दिवस मृगांत ठरला. आदल्या आठवड्यांत धाकट्या दिरांच्या मुलांनीं मला हांक मारून हौदाच्या आंतील भिंतीवर पाण्याच्या वर चिकटलेला एक पांढरा गोळा दाखविला. कोणीं साबणाचा फेंस थापून ठेवावा तसा तो दिसे. मी पुष्कळ वर्षें शाळेंत जीवशास्त्र शिकवीत असें, त्यामुळें तें झाडबेडकाचें घरटें हें मला ओळखतां आलें. आपल्या कोंकणांतील घरांतून, विशेषतः न्हाणीघरांत, अंगानें सडपातळ, पिंगट रंगाचा, मागच्या पायांवर पिवळे ठिपके असलेला जो बेडूक रात्रीं भिंतीवर चिकटलेला आढळतो, तोच हा. त्याच्या बोटांच्या टोंकांस चपट्या गाद्या असतात, त्यांच्या योगानें तो कांचेवरही चढतो. शास्त्रीय जगांत त्याचें वर्णन ग्रे नांवाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८३० सालीं केलें. इंग्रजींत त्यास 'चुनाम फ्रॉग' असेंही म्हणतात, तें चुन्याच्या भिंतीवर बसण्याच्या त्याच्या संवयीवरून असावें. जेर्डननें १८७० सालीं वर्णिलेला हिरवागार मलबारी उडता बेडूक, जो बोटांमधील पडदे ताणून झाडावरून तरंगत उतरतो, तो याचा आंबोलीसारख्या दाट रानांतील भाऊबंद. आमचा मात्र साधा गृहस्थ. माणसाच्या वस्तींत सुखानें राहणारा.

याची मादी आपल्या अंगांतून एक चिकट स्राव सोडते व मागच्या पायांनीं तो घुसळून त्याचा फेंस करते. लोणी काढणाऱ्या बाईस लाजविणारें तें काम असतें. शेंकडों अंडीं त्या फेंसांत राहतात. वरचा थर वाळून कवचासारखा होतो, आंत ओल टिकते, आणि पाण्यांतील शत्रूंपासून अंड्यांचें रक्षण होतें. चार-सहा दिवसांनीं फेंस विरघळतो व बारीक बेडूकमासे टपटप खालच्या पाण्यांत पडतात. घरटें पाण्यावरच बांधण्यांत मादीची ही दूरदृष्टि असते. मात्र ज्या हौदावर तिनें भरंवसा ठेवला तो चार दिवसांत पाडला जाणार आहे, हें तिला ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

गवंडी आले त्या सकाळीं हौदांत बेडूकमासे वळवळत होते. नदी दुथडी भरून वाहत होती. तींत हे टाकणें म्हणजे त्यांना मारणेंच होतें, कारण त्यांस संथ पाणी लागतें. मुलांनीं ओंजळीओंजळीनें साठ-सत्तर जीव बाहेर काढले. वन्य प्राणी धरून पाळणें हें योग्य नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. म्हणून त्याच दिवशीं मुलांकडून मीं कबूल करून घेतलें कीं, हे आपले नव्हेत, पाहुणे आहेत. पाय फुटून चालते झाले कीं ह्याच परसांत सोडावयाचे, मित्रांस वाटावयाचे नाहींत, व दुसरीकडचा बेडूक यांत आणून मिसळावयाचा नाहीं. ही शेवटची अट निष्कारण नव्हती. बेडकांच्या कातडीस लागणाऱ्या एका बुरशीचें शास्त्रीय वर्णन १९९९ सालीं झालें. तिनें जगांतील बेडकांच्या कित्येक जाती नामशेष केल्या आहेत, आणि ती पसरण्यास माणसानें एकीकडचे बेडूक दुसरीकडे नेणें हें एक मोठें कारण आहे.

मामंजी स्वभावानें उदार. त्यांनीं आपण होऊन स्नानाचें तांब्याचें घंगाळ देऊं केलें. तांब्यांतलें पाणी शुद्ध, अशी त्यांची समजूत. मला तें नम्रपणें नाकारावें लागलें. आपल्याला मानवणारें तांबें बेडूकमाशांना विष आहे. पाण्यांत उतरलेला त्याचा अल्प अंशही त्यांना मारतो. शेवटीं एक जुना प्लॅस्टिकचा टब माजघरामागच्या पडवींत मांडला. नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवून, त्यांतील जंतुनाशक औषधाचा वास गेल्यावर मगच घालावयाचें; एक दिवसाआड तिसरा हिस्सा पाणी बदलावयाचें; वर बारीक जाळी, म्हणजे डासांस अंडीं घालावयास वाव नाहीं. खाण्यास हौदाच्या दगडांवरचें शेवाळ व उकडलेल्या पालकाचीं पानें. पालकाची आमटी होई त्या दिवशीं दोन पानें त्यांच्यासाठीं बाजूला निघूं लागलीं. येथपर्यंत पाहुण्यांचा पाहुणचार अगदींच सोपा होता. शाकाहारी मंडळी, सोवळ्याओवळ्याचीही अडचण नाहीं!

खरी परीक्षा श्रावणांत सुरू झाली. सुमारें पन्नास दिवसांनीं कांहींना मागचे पाय स्पष्ट दिसूं लागले, आणि मग एके सकाळीं पुढचा एक पाय व पाठोपाठ दुसरा बाहेर आला. ह्या अवस्थेंत जें घडतें तें कितीदां वाचलें असलें तरी पाहतांना आश्चर्य वाटतें. शेवाळ खरवडणारें चोंचीसारखें इवलेसें तोंड जाऊन तेथें कानापर्यंत फांकणारा जबडा येतो. लांबलचक आंतडें आंखूड होतें. कल्ले जाऊन फुप्फुसें काम करूं लागतात. शाकाहारी प्राणी मांसाहारी होतो. हे सर्व फेरफार गळ्यांतील अवटु ग्रंथीच्या रसानें होतात. गुडरनाच नांवाच्या शास्त्रज्ञानें १९१२ सालीं घोड्याची ही ग्रंथी बेडूकमाशांस खावयास घालून पाहिली. तेव्हां ते वेळेपूर्वींच बेडूक झाले खरे, पण झाले माशीएवढे. मुलें लवकर मोठीं व्हावींत म्हणून त्यांच्या मागें लागणाऱ्या आईबापांनीं हा प्रयोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

पुढचे पाय फुटल्यावर पिलांना पाण्याबाहेर येण्यास वाट हवी, नाहीं तर तीं बुडतात. जन्मभर पाण्यांत राहिलेला जीव पाण्यांतच बुडावा हा दैवाचा विचित्र खेळ! म्हणून टबांत आधींपासूनच एक खडबडीत फळी तिरपी ठेविली होती. वर आलेलीं पिलें माशांच्या जुन्या कांचेच्या पेटींत जात. तळाशीं ओला पाचोळा, उभी एक जास्वंदीची डहाळी, वर बारीक जाळी, आणि पाणी एका पणतींत. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. तो पाण्यांत नुसता बसतो व कातडीनेंच तहान भागवितो. म्हणूनच त्याला हात लावण्यापूर्वीं हातावर साबण, अत्तर किंवा मीठ नसावें. होतां होईल तों हात लावूंच नये. शेंपूट पुरतें जिरेपर्यंत पिलूं कांहीं खात नाहीं, तें शेंपटाच्याच शिदोरीवर राहतें. त्यानंतर मात्र त्याला भूक लागते, आणि पाळणाऱ्याची झोंप उडते.

धाकट्या पुतण्यानें पहिल्याच दिवशीं वरणभाताचीं दोन शितें आंत टाकलीं. पिलूं शितावरच बसलें, पण त्यानें त्याकडे पाहिलेंही नाहीं. "काकू, त्याला भात आवडत नाहीं का?" त्यानें विचारलें. मी म्हणालें, "आवडीचा प्रश्न नाहीं रे, त्याला तो दिसतच नाहीं." ही थट्टा नव्हे. लेटविन व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५९ सालीं बेडकाच्या डोळ्याचा अभ्यास करून दाखविलें कीं, लहान आकाराची हलणारी वस्तु टिपणारे विशेष तंतु त्याच्या डोळ्यांत असतात. वस्तु हलली तर तें अन्न. निश्चल राहिली तर ती जगांत नाहींच. मेलेल्या माशांच्या ढिगांत बेडूक उपाशी मरूं शकतो. त्यांतून आमचीं पिलें सुपारीहून लहान. नियम असा कीं, भक्ष्य पिलाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठें असूं नये. म्हणजे हवें तें अन्न जिवंत, हलणारें, मोहरीएवढें, आणि तें एकतीस तोंडांना रोज.

तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, गाईला वैरण घालावी तसें बेडकाला अन्न घालतां येत नाहीं. त्याचें अन्न आधीं कोठें तरी जगत असलें पाहिजे, आणि त्या अन्नाचें अन्नही. म्हणून आम्हीं परस धुंडाळूं लागलों. अतिपक्व केळें घातलेल्या बाटलींत चिलटें होतात. ज्या चिलटांवर मॉर्गननें अनुवंशाचे प्रयोग केले व १९३३ चें नोबेल पारितोषिक मिळविलें, त्यांच्याच गोतांतलीं हीं. ओल्या पाचोळ्याखालीं टुणटुण उडणारे पांढुरके बारीक कीटक असतात. चवळीच्या वेलावर मावा, कुजक्या लाकडांच्या राशींत वाळवी, गवतांत तांदुळाएवढे टोळ व रातकिडे, खताच्या खड्ड्यावर बारीक माशा, आणि सायंकाळीं पडवींतील दिव्याखालीं पाकोळ्या. मुलांनीं मोजलीं, तीं ठिकाणें बरोबर सात भरलीं. दिवेलागणीस शुभंकरोति झालें कीं मुलें कागदाच्या पुड्या घेऊन निघत, आणि रोज एका ठिकाणाहून शिधा आणीत. कारण एकाच जागीं रोज गेलें तर ती जागा रिकामी होई. बेडूक रात्रींचा जागणारा, म्हणून जेवणाची वेळही तीच. पिलें दबा धरून बसत, बोटांचीं टोंकें थरथरत, आणि क्षणार्धांत जीभ बाहेर पडून आंत गेलेली असे. घांस गिळतांना त्यांचे डोळे आंत ओढले जात. ते नुसते मिटत नव्हते. डोळ्यांच्या बुबुळांनीं आंतून दाब देऊन बेडूक घांस घशाखालीं ढकलतो.

सासूबाईंना हा प्रकार प्रथमपासून पसंत नव्हता. "अग, घरांत माणसांच्या पंगती उठत नाहींत, त्यांत ही बेडकांची पंगत कशाला?" असें त्या म्हणत, तरी आड आल्या नाहींत. परंतु सोळा ऑगस्टला घरीं मंगळागौर होती. जागरणास गांवांतल्या पंचवीस-तीस मुली यावयाच्या. सासूबाईंनीं सकाळींच पडवी आवरतांना सडक्या केळ्यांच्या बाटल्या उचलून स्वच्छ धुऊन पालथ्या घातल्या. घरांत घाण वास नको, एवढाच त्यांचा हेतु. आणि सणाच्या दिवशीं तो कोणाही गृहिणीचा असावयाचा. त्या रात्रींपासून मात्र पावसाची झड लागली ती तीन दिवस उघडली नाहीं. परसांत पाय ठेवतां येईना; पाचोळा पाण्याखालीं, मावा धुऊन गेला, दिव्यावर एक पाकोळी येईना. बाटल्यांतलीं चिलटें असतीं तर निभावलें असतें. पण चिलटांची नवी पिढी उभी राहण्यास आठ-दहा दिवस लागतात. चौथ्या दिवशीं ऊन पडलें तेव्हां पांच पिलें पोटें खपाटीस जाऊन पाचोळ्यावर पडलीं होतीं.

मुलें रडलीं. कोणीं कोणास बोल लावला नाहीं. सासूबाईंना काय झालें तें कळलें तेव्हां त्या देवघरांत जाऊन बसल्या, आणि दुपारीं मीं पाहिलें तों पडवीच्या फळीवर तीन बाटल्या नव्यानें मांडलेल्या, प्रत्येकींत अर्धें केळें, आणि तोंडाला त्यांच्या स्वतःच्या जुन्या नऊवारीच्या विरविरीत फडक्याचे चौकोन बांधलेले. पहिल्या बाटलीवर त्यांनीं त्या दिवसाची तारीख घातली होती. दुसरी तीन दिवसांनीं भरावयाची व तिसरी सहा दिवसांनीं, असा त्यांचा हिशेब. म्हणजे एक संपतांना दुसरी तयार. विरजण मोडूं न देणाऱ्या बाईला हें शास्त्र कोणी शिकवावें लागलें नाहीं.

त्या संध्याकाळीं मामंजी पेटीजवळ खुर्ची घेऊन बसले. पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "सूनबाई, हे वारावर जेवणारे विद्यार्थी आहेत." आजच्या मुलांस वार म्हणजे काय हें सांगावें लागतें, तें त्यांनीं नातवंडांस सांगितलें. त्यांचे वडील कोंकणांतून शिक्षणासाठीं पुण्यास गेले तेव्हां जवळ पैसा नव्हता. अशा गरीब विद्यार्थ्यानें सात ओळखीचीं घरें गांठावयाचीं, व प्रत्येक घरीं आठवड्यांतून एक दिवस जेवावयाचें. रविवार एकाकडे, सोमवार दुसऱ्याकडे. ह्या वारांवर आपल्याकडे कित्येक पिढ्या शिकल्या. मामंजींच्या वडिलांना सहाच घरें मिळालीं. गुरुवारचें घर मिळालें नाहीं. लोकांना ते सांगत, मी दत्तभक्त, माझा गुरुवारचा उपास असतो. पुढें स्वतःचें घर झालें, सुबत्ता आली, तरी त्यांनीं तो उपास मोडला नाहीं. आणि त्याचें खरें कारण मामंजींना वडिलांच्या शेवटच्या आजारांत कळलें.

"एक घर बंद झालें कीं एक वार उपास," मामंजी म्हणाले. धाकट्या पुतण्यानें लगेच विचारलें, "आजोबा, तुम्ही परसांत सगळीकडे सिमेंट घालणार ना? मग यांचीं किती घरें बंद होतील?" त्याचा स्वर चौकशीचा होता, टोंचणीचा नव्हे. त्यानें बोटांवर मोजलें: पाचोळा गेला, वेल गेला, लाकडें गेलीं, गवत गेलें, खड्डा गेला. राहिला दिवा आणि आजीची बाटली. सातांपैकीं पांच वार उपास. मामंजींनीं उत्तर दिलें नाहीं. आम्हांपैकीं कोणींही त्या विषयांत पुढें एक शब्द काढला नाहीं, कारण पूर ज्यानें पाहिला आहे त्याला चिखलाची भीति वाटणें स्वाभाविक आहे, व ती भीति खोटी नव्हती.

पिलें सोडण्याचा दिवस श्रावणाच्या अखेरीस आला. आणखी चार पिलें मधल्या काळांत कांहीं कारण न कळतां गेलीं होतीं, बावीस उरलीं. अधिक काळ ठेवणें हिताचें नव्हतें. बंद पेटींत वाढणाऱ्या पिलांच्या हाडांना चुन्याचा अंश कमी पडतो व मुडदुसासारखा रोग होतो. मोकळ्या परसांत तऱ्हतऱ्हेचें भक्ष्य मिळतें, त्यांत ही उणीव भरून निघते. संध्याकाळीं, रिमझिम असतांना, पेटी केळीच्या बुंध्याशीं आडवी करून ठेविली. एकही पिलूं घाईनें पळालें नाहीं. एकेक कांचेच्या कडेवर येई, थांबे, आणि मग पानावर उडी. त्यांतील किती जगलीं असतील? फार थोडीं, पक्षी, साप, कोळी यांचेही वार त्यांच्यावर असतात. शेंकडों अंडीं घालणाऱ्या आईनें तो हिशेब आधींच मांडलेला असतो. सासूबाईंनीं मात्र त्या दिवशीं सवयीनें दूध-पोह्यांची वाटी तुळशीपाशीं ठेविली. तीं शितें न खाणारीं आहेत याची आठवण मीं त्यांना दिली नाहीं; मुंग्यांनीं ती वाटी संपविली.

कोणी म्हणेल, बावीस बेडकांसाठीं एवढा खटाटोप कशाला? आपल्या देशांतून एके काळीं बेडकांच्या तंगड्या परदेशीं जेवणाच्या टेबलांवर जात. शेतांतील किडींचा नाश करणारा हा मित्र कमी होतो म्हणून १९८७ सालीं ती निर्यात बंद करण्यांत आली. त्या वेळीं बेडूक पकडणारा माणूस डोळ्यांना दिसत होता, म्हणून कायदा करतां आला. परंतु २०२३ सालीं जगांतील आठ हजारांहून अधिक उभयचर जातींची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तींत शेंकडा ४१ जाती धोक्यांत असल्याचें आढळलें, आणि त्यांचीं राहण्याची जागा नाहींशी होणें हें त्यांतील सर्वांत मोठें कारण. ही जागा नेहमीं जंगलच असते असें नाहीं. ती पुष्कळदां एखाद्या सुखवस्तु घराचें परस असतें, आणि ती नाहींशी करणारा माणूस दुष्ट नसून केवळ टापटिपीचा भोक्ता असतो. पाचोळ्याला आपण कचरा म्हणतों, कारण त्यांत जेवणारा आपणांस दिसत नाहीं. बेडकाला न हलणारें अन्न दिसत नाहीं. तसें आपल्याला न बोलणारें पोट दिसत नाहीं.

दिवाळीनंतर गवंडी पुन्हां आले. मामंजींनीं त्यांना मागील दारापासून फाटकापर्यंत तीन हात रुंदीची फरसबंदी करावयास सांगितली, म्हणजे पूर आला तरी माणसांना जाण्यायेण्यास व चिखल ओढण्यास वाट राहील. बाकीची जमीन जशी होती तशी ठेविली. लाकडांची रास भिंतीपासून दूर हलविली, कारण वाळवी घराच्या वाशांना लागूं नये. खताच्या खड्ड्यास दगडांचा कांठ बांधला. हौदाचे जे दगड निघाले होते त्यांतून केळीपाशीं एक उथळ डोणी झाली. तिच्या एका बाजूस उतार ठेवला आहे, म्हणजे आंत पडलेल्याला बाहेर येतां यावें. उन्हाळ्यांत ती आम्हीं कोरडी ठेवतों व पाऊस लागला कीं ती आपण होऊन भरते. कीटकनाशकाचा फवारा परसांत कोणी मारीत नाहीं. डास होऊं नयेत म्हणून घरांतल्या भांड्यांतलें सांचलेलें पाणी आठवड्यांतून एकदां ओतून देण्याचें काम मुलांकडे आहे.

गवंड्याला मजुरीचा हिशेब देतांना त्यानें विचारलें, "दादा, एवढी जागा अर्धवट कां सोडली?" मामंजी म्हणाले, "ती अर्धवट नाहीं. तेथें लोक जेवावयास येतात."